गुरुवारचा ‘आ’

ही गोष्ट ऐकून तंजावूरचे कावळेसुद्धा हसतात, मग तुम्ही तरी कशाला विश्वास ठेवाल? नका ठेवू! पण घडली ती अशीच. बासष्ट साली, तंजावूरजवळच्या तिरुवैयारुत, भर चैत्रात.

तंजावूरच्या राजवाड्याच्या गल्लीतला, मराठी घरातला प्राणेश पाटबंधारे खात्यात कारकून. कालवा पाहून सायकलवरून परतत होता. ऊन असं, की कावेरीतले मासे काठावर येऊन सावली शोधत होते! शाळेच्या ओसरीवर रांग दिसली. ताक वाटतायत असं समजून हा रांगेत उभा राहिला. पुढं पोचतो तर ताक नाही... टॉर्च घेतलेली एक तरुण डॉक्टरीण.

“आ करा.”

त्यानं केला. टॉर्चच्या वर दोन डोळे... इथं मराठी कुणाला कळणार, म्हणून तो पुटपुटला, “काय डोळे आहेत, देवा!”

“डोळे नंतर,” ती चक्क मराठीत म्हणाली. “आधी जीभ वर.”

जीभ वर गेली ती खाली यायलाच तयार होईना.

ही डॉक्टर अंबुजा, तीही तंजावूरच्या मराठी घरातलीच. तंजावूरच्या दवाखान्यात डॉ. गुरुमूर्ती निवडक तरुण डॉक्टरांना कॅन्सरचं संशोधन शिकवायचे. त्यांचा दंडक एकच – रोग्याच्या तोंडात हात ज्याचा, मायक्रोस्कोपला डोळाही त्याचाच; आणि दिसेल ते रोग्याला सांगायचं तेही त्यानंच. अंबुजा तंबाखू खाणाऱ्यांची तोंडं तपासत होती.

“पान-तंबाखू किती वर्षं?”

प्राणेशनं तंबाखू कधी हुंगलीही नव्हती. पण रांगेतल्या पुढच्याला ‘खात नाही? मग जा घरी’ म्हणून वाटेला लावलेलं त्यानं पाहिलं होतं.

“दहा वर्षं!”

“वय?”

“चोवीस.”

“म्हणजे चौदाव्या वर्षापासून?”

“आमच्याकडे सगळं लवकरच होतं, डॉक्टरबाई... लग्न सोडून.”

ती हसली नाही. टॉर्च तेवढा हलला. “दर गुरुवारी यायचं.”

आणि सुरू झालं! तो आ करून बसायचा, बोलायची ती. जगात हे एकच प्रेम, ज्यात पुरुषाला तोंड उघडं ठेवून गप्प बसावं लागलं.

“स्वयंपाक येतो?”

“आ–आ.”

“म्हणजे नाही. गाता?”

“आऽऽ!”

“बास, कळलं! बाहेरची बकरी उठून गेली.”

पण एका गुरुवारी ती टॉर्च रोखून म्हणाली, “दहा वर्षं तंबाखू... आणि दात मोगऱ्याच्या कळ्यांसारखे?”

पुढच्या गुरुवारी त्यानं टपरीवरून विडा घेतला. तंबाखूच्या वासानंच भोवळ आली, म्हणून ती फेकली आणि चुन्याचा सुपारीएवढा गोळा गालात दाबला. गालात आग, डोळ्यांत कावेरी! थुंकून, चूळ भरून तो रांगेत शिरला.

अंबुजानं टॉर्च मारला. तिचं हसू विझलं.

“हा पांढरा चट्टा... कधीपासून?”

“आ...”

“उद्या तंजावूरच्या दवाखान्यात या. नक्की या.”

चुनाच तो, दुसरं काय? असं तो वाटभर स्वतःला बजावत राहिला. पण गेल्या महिन्यात असाच चट्टा निघालेला रांगेतला एक म्हातारा उपचाराला मद्रासला गेला होता, तो परत आला नव्हता. आणि चुन्यानं डॉक्टरचं हसू विझतं का? खरं सांगावं, तर गुरुवार कायमचे गेले. न सांगावं, तर...

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिनं गालातलं कणभर खरवडून काचेवर घेतलं आणि आत गेली. दार अर्धवट उघडं होतं.

“सर, ही काच तुम्ही बघा... मला नाही जमणार.”

“का?” गुरुमूर्तींचा आवाज.

तिनं काच त्यांच्यापुढं सरकवली.

“रोगी आपला वाटायला लागला की डॉक्टरचा डोळा पळतो, अंबुजा. त्याला पळू द्यायचं नाही, हेच शिकायला तू इथं आलीस. बस.”

आपला! बाहेर प्राणेशला धीर धरवेना. तो आत घुसला. “चुना आहे, डॉक्टरबाई! नुसता चुना! मी तंबाखू खातच नाही... तुम्ही हाकलून द्याल म्हणून...”

तिनं मायक्रोस्कोपवरून मान वर केली नाही. “गप्प बसा. एकदा खोटं बोललात, दुसऱ्यांदा कशावरून नाही? मला बघू दे.”

तिनं काच या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवली. पुन्हा सरकवली. भिंतीवरची पालसुद्धा श्वास रोखून होती.

“जळलंय फक्त,” ती हळूच म्हणाली. “भाजलंय. बाकी सगळं... चांगलं आहे.” आणि खुर्चीत मागं रेलली. मग एकदम ताठ झाली. “तुमच्यासारखा एक खोटा हिशेबात धरला, तर खऱ्या रोग्यांचं निदान चुकेल, कळतंय? अभ्यासातून तुमचं नाव काढलं!”

“आणि गुरुवार?”

“गेले!”

गुरुमूर्ती चष्मा पुसत म्हणाले, “तुलनेला न खाणाऱ्यांचीही तोंडं लागतीलच की.”

“किती दिवस बघायची, सर?” प्राणेशनं विचारलं.

“हा रोग फार सावकाश येतो. वीस-तीस वर्षं तरी.”

प्राणेश अंबुजाकडे वळला. “मग दर गुरुवारी तिरुवैयारुला कशाला? घरीच... बघितलं तर?”

आणि ऐका! ती करारी डॉक्टर अंबुजा तिथल्या तिथं ओक्साबोक्शी रडायला लागली, त्याचा हात धरून म्हणाली, ‘प्राणेशराव, तुमच्याविना मी...’

“अय्यो, धडधडीत खोटं!” आतल्या खोलीतून आमच्या डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. “रडत तुम्ही होतात, अहो! रुमाल मी दिला होता!”