तिसरा ठोका

मी लिफ्ट दुरुस्त करतो. कुठला आवाज कशामुळे येतो हे शोधण्यावरच माझं पोट चालतं. मला वेड्यात काढायचं तर खुशाल काढा, पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

रविवार. दुपारचे चार. बाहेर लख्ख ऊन.

जागा, दादाची मागची खोली.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. सात महिन्यांपूर्वी याच खोलीत, याच टेबलावर डोकं टेकून तो गेला. हार्ट अटॅक. वहिनी पलीकडे स्वयंपाकघरात होती.

त्याला एकच नाद. स्वतः बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे व्हॉल्व बदलून बदलून गाणी ऐकायची. नवा व्हॉल्व बसवला की पेन्सिलीने त्यावर हलकेच तीन ठोके द्यायचा. व्हॉल्वमध्ये खोट असली की ते ठोके स्पीकरमधून घरभर घुमायचे.

"आमच्याकडे दारापेक्षा काचेवरच जास्त टकटक," वहिनी चिडवायची.

त्या रविवारी तीच म्हणाली, "भाऊजी, ते सुरू करून द्या ना. घर खायला उठतं."

मी सगळे व्हॉल्व नवे बसवले. गाणं स्वच्छ लागलं.

"छान आहे. पण हा त्यांचा आवाज नाही. त्यांनी शेवटी लावलेला होता, तो लावा."

मी बंद केलं, दादाचा तो व्हॉल्व परत बसवला, पुन्हा चालू केलं. वहिनी चहा टाकायला गेली.

व्हॉल्व तापेपर्यंत स्पीकर गप्पच असतो...

टक. टक. टक.

पेन्सिल टेबलावर पडलेली. माझे दोन्ही हात मांडीवर.

तापताना काच कुरकुरत असेल, मी स्वतःला समजावलं.

पुन्हा... टक. टक. टक.

आत भांडं पडलं. वहिनी दारात आली. चेहरा पांढराफटक.

"तुम्ही वाजवताय?"

"नाही."

"ते गेले त्या दिवशी असंच वाजलं होतं. तीन. मग तीन. मला वाटलं, व्हॉल्व तपासतायत. मी आतूनच ओरडले, पुरे करा आता! मग दोनच वाजले..." तिचा आवाज फुटला. "मला बोलावत होते हो ते. मी कुणालाच सांगितलं नाही."

सात महिने हे ती एकटीच उरात घेऊन वावरत होती. मला रडू आवरेना.

आणि स्पीकरमधून...

टक.

टक.

"आले! आले हो!" वहिनी धावली. अ‍ॅम्प्लिफायरवर हात ठेवून मटकन खाली बसली.

आम्ही तिसऱ्याची वाट पाहिली.

आला नाही.

मी व्हॉल्व काढला. भाजायला हवा होता, तर थंडगार. काचेच्या टोकाचा चंदेरी थर पांढरा पडलेला. आत हवा शिरली की तसं होतं. असा व्हॉल्व मेलेला असतो, त्यातून आवाज निघूच शकत नाही. बसवताना तो थर चंदेरी होता का? देवाशप्पथ, मी पाहिलं नव्हतं.

आता दर रविवारी वहिनी कामं लवकर उरकते. चारला तोच व्हॉल्व लावायला सांगते आणि समोर बसते. काही वाजत नाही. उठताना ती डोळे मिटून टेबलावर बोटाने एकदाच वाजवते. त्याचा राहिलेला ठोका.

मागच्या रविवारीही तिने बोट उचललं.

टक.

तेव्हा तिचं बोट टेबलापासून वीतभर वर होतं.

मी तिला अजून सांगितलेलं नाही.