एका दुपारचं काम

प्रिंटरपाशी दोघांचे कागद एकमेकांत मिसळले. संख्याशास्त्र विभागातल्या त्या उंच मुलाने तिचा आलेख परत करताना सहज विचारलं, "हा आकडा उद्याही असाच येईल?"

तिला रागच आला. तीन वर्षं ती नवजात बाळांच्या झोपेवर संशोधन करत होती! पण जागेवर येऊन पुन्हा काढून पाहिला, तर आकडा खरंच जुळेना. फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल नवीन', 'खरंच फायनल'... त्यातल्या कुठल्या फाइलवरून तो निघाला होता, देव जाणे. शोधनिबंध पाठवायला पंधराच दिवस उरले होते. मान खाली घालून ती त्याच्या खोलीत गेली.

"आधी आवराआवर करू," तो म्हणाला. त्याने 'आर' हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर उघडून प्रकल्पाचा एक तयार साचा मांडला. मूळ नोंदी एका फोल्डरमध्ये, त्यांना हात लावायचा नाही. कोड दुसऱ्यात, निकाल तिसऱ्यात. "आता एक आज्ञा दिली की सगळं पहिल्यापासून ओळीने चालेल. कुणाच्याही संगणकावर."

"तुमच्याही?"

"माझ्या तर... नक्कीच." त्याचे कान लाल झाले.

रोज दुपारी ती येऊ लागली. तो एकेक पायरी समजावायचा, ती मुद्दाम दोनदा विचारायची. सहाव्या दिवशी सगळं सुरळीत चाललं, आणि चूक उघडी पडली. अकरा बाळांच्या नोंदी दोनदा चिकटवल्या गेल्या होत्या. परिणाम निम्म्यावर आला.

"कुणाला कळलंही नसतं," ती हळूच म्हणाली. त्याने नवा आकडा कागदावर उतरवून तिच्यापुढे सरकवला. "तुम्ही काहीच बोलणार नाही?"

"तुम्ही काय करणार, ते मला ठाऊक आहे."

ती तडक मार्गदर्शक बाईंकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. बाईंनी चष्मा काढला, बराच वेळ कागद पाहिला. "निम्मा, पण खरा आहे. पाठव."

ती धावतच परतली. निरोप ऐकून तो हसला, मग उगाच वायर गुंडाळू लागला. "म्हणजे... उद्यापासून तुम्ही येणार नाही."

"काम तर संपलं."

"एक सांगू? रागावू नका." तो वायरकडेच बघत होता. "हा साचा बसवायला एक दुपार पुरते."

"मग सहा दिवस—?"

"तुम्ही दोनदा विचारत होतात... मला वाटलं, तुम्ही तिसऱ्यांदाही विचारावं."

ती खुर्ची ओढून त्याच्या अगदी शेजारी बसली.

"लबाड आहेस तू," ती म्हणाली.

त्या 'तू'वर त्याच्या हातातली वायर सुटून पडली.