'नाही' म्हणणारी खुर्ची

समुद्राच्या तळाखाली तीन किलोमीटरवर खडकांचा एक घुमट आहे. तो कुणीच पाहिलेला नाही. मग त्याच्या पोटात तेल आहे की नुसतं खारं पाणी, हे ओळखायचं कसं?

'सागरवेध' जहाजावर सगळे याच कोड्यात होते. मुक्ताची आत्या हेमांगी तिथली मुख्य भूशास्त्रज्ञ. तिने सुट्टीत आम्हा मायलेकींना बोलावलं होतं, आणि आल्यापासून मी मुक्ताच्या लाइफ जॅकेटचे पट्टे ओढत होते.

"वहिनी, पोरीला श्वास घेऊ दे गं!"

"खाली पाणी किती खोल आहे, माहितीये?"

"माहितीये. त्याचाच तर पगार घेते मी," हेमांगी हसली.

मुक्ता पडद्यावरचे रंगीत पट्टे बघत होती. "आत्या, हा फोटो आहे?"

"प्रतिध्वनींचं चित्र आहे. जहाज पाण्यात आवाज सोडतं. तो खडकांच्या थरांवर आपटून परततो आणि तळावर बसलेली आमची यंत्रकासवं तो ऐकतात. जितका उशिरा परतला, तितका थर खोल."

"म्हणजे तेल दिसतं?"

"तिथंच गोची आहे. आकार दिसतो, तेल नाही. या खोऱ्यात आजवर एकही विहीर खणलेली नाही. आम्हाला परवानगी एकाच विहिरीची. ती कोरडी निघाली, तर इथलं काम बंद." हेमांगीचा आवाज जरा खाली आला.

बैठकीआधी मी गवती चहा केला. गॅस बंद करते तोच मुक्ता कठड्याकडे जाताना दिसली. धावलेच मी! परत येऊन भांड्यावर झाकण ठेवलं.

हेमांगीने घोट घेतला. "वहिनी, वास कुठे गेला?"

"आईने झाकण उशिरा ठेवलं," मुक्ताने लगेच चहाडी केली. "वास आधीच उडाला."

बैठकीच्या खोलीत एक केशरी खुर्ची होती. जहाजावर सगळ्यांत शेवटी आलेल्याने तिच्यात बसायचं आणि फक्त शंका काढायच्या, असा तिथला रिवाज. "एखादी गोष्ट फार आवडली की तिच्यातली खोट दिसत नाही. म्हणून ही खुर्ची," हेमांगी म्हणाली. स्वतःला अडवायला माणसं मुद्दाम जागा राखून ठेवतात, याचं मला फार कौतुक वाटलं. माझ्या मागून जहाजावर चढलेली मुक्ताच शेवटची होती. बसली टेचात.

हेमांगी बोटं मोजू लागली. "आधी हवा उगमखडक (ज्यात गाडले गेलेले सूक्ष्म जीव उष्णतेने शिजून तेल होतात). मग साठाखडक (बारीक छिद्रांचा, तेल मुरवून घेणारा). वर झाकणखडक (खालून वर चढणारं तेल निसटू न देणारी घट्ट माती). आणि सापळा (तेल अडवणारा आकार, जसा हा घुमट). प्रत्येकाची शक्यता दोनात एक धरली, तर चारही जुळण्याची?"

"गुणायचं ना? सोळात एक," मुक्ता म्हणाली. मग कपाळाला आठ्या. "पण आत्या, घुमट आधी झाला की तेल आधी निघालं? चहासारखं झालं असेल तर?"

"शेजारच्या खोऱ्यातले घुमट जुने आहेत, म्हणून हाही..." हेमांगी मध्येच थांबली. "हे आपण नुसतं धरून चाललो! कासवी, वरचे थर दाखव."

कासवी, म्हणजे सगळ्या यंत्रकासवांचा एकत्र मेंदू, शांतपणे बोलली, "थर साचतात सपाट. नंतर खालून उचलले गेले तर वाकतात. या घुमटावरचा अगदी कोवळा थरही वाकलेला आहे. म्हणजे घुमट त्याच्याही नंतरचा. उगमखडक त्याच्या कितीतरी आधी शिजलाय."

"म्हणजे तेल निघून गेल्यावर सापळा तयार झाला. झाकण उशिरा बसलं," हेमांगी पुटपुटली. तिची इतक्या वर्षांची उमेद त्या घुमटावर होती.

मुक्ता पडद्याजवळ गेली. "मग हा छोटा फुगवटा? याच्यावरचे थर सपाट आहेत."

"तो? त्याला तर आम्ही बुटका म्हणून हसलो होतो!" हेमांगी आपल्या खुर्चीतून उठली. "वरचे थर सपाट, म्हणजे हा आधी उठला, ते नंतर साचले, आणि त्यांच्याखाली गाडला गेल्यावर उगमखडक शिजला. कासवी, याच्यात साठाखडक आहे? वर झाकणखडक?"

"चिन्हं बरी आहेत. खात्री नाही."

"खात्री विहिरीलाच विचारायची. पण आता योग्य जागी विचारू." तिने पडद्यावर घुमटावरची विहिरीची लाल खूण पुसली आणि बुटक्यावर लावली. "उद्याही त्याच खुर्चीत बस हं, मुक्ता. आता माझ्या बुटक्यावर शंका काढ."

संध्याकाळी चहा हेमांगीने केला. गॅस बंद व्हायच्या आत झाकण. कपातून गवताचा वास दरवळला. मुक्ता कठड्याजवळ उभी राहून खालच्या काळ्या पाण्याकडे बघत होती. मी तिच्याजवळ गेले, जॅकेटचा पट्टा थोडा सैल केला आणि विचारलं, "उद्या काय विचारणार आहेस?"