वजा दोन

पहिल्या रांगेतली दोन तिकिटं, गुप्तहेर बाईंना तीन महिन्यांनी मिळालेली मोकळी संध्याकाळ, आणि मध्यंतरालाच सगळ्यावर पाणी!

तीनच कलाकारांचं रॉक संगीत नाटक होतं ते. वाद्यंही तेच वाजवायचे. नायिका गायची, तिचा नवरा ड्रम्सवर, नणंद कीबोर्डवर. पहिल्या अंकाच्या शेवटी रंगमंचावर अंधार झाला. कीबोर्डवर धून सुरू झाली. नायिकेने घाईघाईने कपडे बदलून स्टँडवरची गिटार गळ्यात अडकवली आणि पहिलाच झणकार असा बेसूर निघाला की लोक हसले. पडदा पाडावा लागला.

"धूनच रडकी," शेजारी बसलेले बाईंचे भाऊजी कुरकुरले. "नाटक उघडलं तेव्हा हीच वाजली, तर अंगात आल्यासारखं झालं. आता जीव गेल्यासारखी, खालच्या सुरात."

बाई काही बोलणार तोच नाट्यगृहाचा व्यवस्थापक धापा टाकत आला. "बाई, पंधरा मिनिटं आहेत. दिग्दर्शक नायिकेला काढायला निघालाय. तुम्हीच काय ते शोधा."

विंगेत दिग्दर्शक थयथयाट करत होता. "स्वतःचं वाद्य न तपासणारी मुलगी मला उद्यापासून नको!"

"दुपारी मीच तारा जुळवल्या होत्या हो," नायिका रडकुंडीला आली होती. "पाच वर्षं थांबलेय मी या भूमिकेसाठी."

बाईंनी गिटार उचलून सहाही तारा छेडल्या.

"ही तर गोड वाजतेय की," भाऊजी म्हणाले. बाईंच्या कपाळावर आठी पडली.

"माझ्याकडे बघू नका," नणंद आधीच फणकारली. "वहिनीची भूमिका मला हवी होती, सगळ्यांना माहीत आहे. पण गिटारला मी हातही लावलेला नाही." तिच्या मागे कीबोर्डच्या छोट्या पडद्यावर 'वजा दोन' असा आकडा लुकलुकत होता.

"दुपारी काही भांडण?" बाईंनी विचारलं.

"छे. तालमीत वहिनीला वरचा सूरच लागला नाही. घसा गेलाय तिचा."

नवरा घाम पुसत होता. रुमालाबरोबर खिशातून तारा जुळवायचा ट्यूनर खाली पडला. त्याने तो चटकन उचलला.

"मला काही माहीत नाही," तो म्हणाला.

बाईंचा संयम सुटला.

"खोटं बोलू नका! माझी एकुलती एक संध्याकाळ तुम्ही मातीत घातलीत. गिटार बिघडवायची तर माणूस एखादी तार सैल करतो. इथे सहाही तारा सारख्याच उतरल्यात, म्हणून एकटी वाजवली की सुरात. हे काम कानाच्या आणि ट्यूनरच्या माणसाचं. ड्रम्स वाजवणाऱ्याच्या खिशात ट्यूनर कशाला?"

नवऱ्याने मान खाली घातली. "तिला वरचा सूर झेपावा म्हणून. एकच पट्टी उतरवली."

"आणि तुम्ही," बाई नणंदेकडे वळल्या, "कीबोर्ड वजा दोनवर, म्हणजे दोन पट्ट्या उतरवलात. भाऊजींनाही धून खाली गेलेली कळली, म्हणजे बघा! दोघांनी मदतच केली. एकमेकांना न सांगता, निरनिराळी. म्हणून गिटार आणि कीबोर्ड जुळेनात."

"वहिनीची फजिती होऊ नये म्हणून हो," नणंद पुटपुटली.

"मला विचारलंत?" नायिका किंचाळली. "माझा घसा ठणठणीत आहे! दुपारी वरचा सूर लावू नकोस, प्रयोगासाठी राखून ठेव, असं यांनीच सांगितलं होतं मला."

तिचं बोट दिग्दर्शकाकडे होतं. मघापासून तारस्वरात ओरडणारा तो माणूस आता चपलांकडे बघत होता.

"सांगायचं राहिलं बाकीच्यांना," तो कसाबसा म्हणाला. "उद्याचं विसर. तूच उभी राहा."

तिसरी घंटा झाली. नणंदेने आकडा शून्यावर आणला. नवऱ्याने गिटारसाठी हात पुढे केला, तो नायिकेने बाजूला सारला आणि तारा स्वतः चढवल्या.

पडदा उघडला तो त्याच गाण्यावर. तिचा वरचा सूर असा लख्ख लागला की भाऊजी खुर्चीत ताठ बसले. ड्रम्सवर नवऱ्याचा एक ठोका चुकला. तिने मागे वळून पाहिलं नाही.