शलाकाच्या बाकावरचा लाल दिवा

एका मुलीबद्दलच्या दोन गोष्टी सांगतो. दोन्ही शंभर टक्के खऱ्या आहेत, आणि सगळी गोम तिथंच आहे.

पहिली गोष्ट अशी की, मंगळवारी गणिताच्या चाळीस मिनिटांच्या तासात शलाका निकमच्या बाकावरचा दिवा एकेचाळीस वेळा लाल झाला. दुसरी अशी की, त्याच मंगळवारी शाळा सुटल्यावर तिनं शेजाऱ्यांचं बिघडलेलं फवारणीचं ड्रोन उघडलं आणि साडेतीन तास मान वर केली नाही. आईनं दोनदा जेवायला हाक मारली. तिसऱ्यांदा ताटच समोर आणून ठेवलं. शलाकानं भाकरी खाल्ली खरी, पण भाजी कसली होती हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

आता जिला एक मिनिट धड लक्ष देता येत नाही, तिला साडेतीन तास कसं देता येतं?

ही गोष्ट घडली तेव्हा आजच्या सालात आणखी वीस-पंचवीस वर्षांची भर पडली होती. उंबरसडा हे घाटमाथ्यावरच्या पठारावरचं गाव. चहूकडे पवनचक्क्या, आणि त्या दुरुस्त करणाऱ्या पथकाचे प्रमुख म्हणजे शलाकाचे बाबा. गावच्या शाळेत सातवीच्या प्रत्येक बाकावर एक छोटा दिवा होता आणि वर्गाच्या कोपऱ्यात एक यंत्रमानव उभा असे. दिवसभर नोंदी टिपायचं काम त्याच्याकडे, म्हणून मुलांनी त्याचं नाव टिपणीस ठेवलं होतं. डोळे फळ्यावर किंवा पुस्तकावर असले की बाकावरचा दिवा हिरवा. डोळे खिडकीकडे गेले किंवा विद्यार्थी जागचा उठला, की लाल.

त्या महिन्यात शाळेतून घरी पत्र आलं. शलाकाची एडीएचडीसाठी (लक्ष हवं तिथं वळवणं, टिकवणं आणि अंगातली चुळबुळ आवरणं ज्यात अवघड जातं अशी मेंदूची घडण) तपासणी करून घ्यावी. महिनाअखेरपर्यंत न केल्यास तिला तालुक्याच्या शाळेतल्या वेगळ्या तुकडीत पाठवावं लागेल.

बाबांचा पारा चढला. "माझ्या पोरीला खुळी ठरवतात काय? साडेतीन तास हलली नाही, व्हिडिओ आहे माझ्याकडं! तपासणी नाही नि बिपासणी नाही. जास्त बोलले तर नावच काढून घेतो शाळेतनं."

म्हणजे तपासणी झाली नाही तर शाळा तिला तालुक्याला पाठवणार होती, आणि शाळेनं फार ताणलं तर बाबा नाव काढून घेणार होते; कसंही झालं तरी शलाकाची ही शाळा सुटणार होती. शेजारी बसणारी रझिया सुटणार होती. शलाकाचं मन भरकटलं की रझिया कुणाला न कळता कोपरानं हळूच ढोसायची. तिच्यासारखी मैत्रीण तालुक्याला कुठून मिळणार? पण शलाकाला त्याहून मोठी भीती एका प्रश्नाची होती. तो तिनं रझियालाही सांगितला नव्हता.

शुक्रवारी आईबाबांना शाळेत बोलावलं होतं. गुरुवारी शाळा सुटल्यावर वर्गशिक्षिका पिसाळ मॅडमनी शलाकाला राहिलेली गणितं सोडवायला बसवलं आणि त्या शिक्षकांच्या खोलीत गेल्या. वर्गात उरले शलाका आणि टिपणीस. तिनं दोन गणितं सोडवली, तिसऱ्याच्या मध्यावर पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "टिपणीस, मी हे मुद्दाम करते का रे?"

टिपणीसनं मान तिच्याकडे वळवली. "हा प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. मला फक्त 'किती वेळा' एवढंच विचारतात."

"मग आता मी विचारते."

"मला ठाऊक नाही. मी डोळे कुठं आहेत ते मोजतो. लक्ष मोजत नाही. ते मोजायचं यंत्र माझ्यात बसवलेलंच नाही."

शलाका बघतच राहिली. "म्हणजे हिरवा दिवा म्हणजे लक्ष नाही?"

"तुमच्या वर्गातल्या पृथ्वीराजचा दिवा मंगळवारी अखेरपर्यंत हिरवा होता. तासानंतर मी त्याला विचारलं, काय शिकवलं? तो म्हणाला, त्रिकोण. त्या दिवशी शेकडेवारी शिकवली होती. आणि मॅडमनी मध्येच विचारलेल्या सहापैकी दोन प्रश्नांची उत्तरं तू खिडकीकडे बघत बरोबर दिलीस. हे सगळं माझ्या अहवालाच्या दुसऱ्या पानावर आहे. दुसरं पान कुणी उघडत नाही."

शलाकाला हसू आलं, पण ते टिकलं नाही. "उरलेल्या चार प्रश्नांचं काय?"

"ते तू ऐकलेच नव्हतेस."

मग टिपणीसनं एक प्रयोग सुचवला. त्यानं पडद्यावर गावांच्या नावांची एक लांबलचक यादी दाखवली. त्यातला प्रत्येक 'क' मोजायचा आणि लक्ष उडालं की त्याच क्षणी हात वर करायचा. शलाका मोजायला लागली. कराड, कोरेगाव, कळंब… थोड्या वेळानं टिपणीसनं हाक मारली, तेव्हा ती खिडकीबाहेरच्या पवनचक्कीचं एक पातं दुसऱ्यापेक्षा मळकट का दिसतं याचा विचार करत होती.

"तू हात वर केला नाहीस," टिपणीस म्हणाला. "मोजायची कधी थांबलीस?"

शलाकानं आठवून पाहिलं. पाचवी ओळ? सातवी? "कळलंच नाही."

"मुद्दाम थांबणाऱ्याला आपण कधी थांबलो ते माहीत असतं. पण सांभाळून. हा एक प्रयोग झाला, एका संध्याकाळचा. यावरून काही सिद्ध होत नाही. यावरून फक्त चांगला प्रश्न विचारता येतो."

"मग ड्रोनच्या वेळी कसं जमतं मला?"

"आता नीट ऐक," टिपणीस म्हणाला आणि लगेच थांबला. "नाहीतर असं कर, चालत चालत ऐक."

शलाका बाकांमधून फेऱ्या मारू लागली, आणि तिला खरंच बरं वाटलं.

"एडीएचडी असलेल्यांकडे लक्ष कमी असतं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. लक्ष भरपूर असतं, ते हवं तिथं वळवणं आणि तिथं धरून ठेवणं अवघड जातं. हे काम बरंचसं कपाळामागचा मेंदूचा भाग पाहतो. तिथल्या पेशींना डोपामिन (मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या रसायनांपैकी एक) लागतं. काम आवडीचं असलं, नवं असलं, केल्याचं फळ लगेच दिसणारं असलं की हा निरोप खणखणीत पोचतो. ड्रोनची एक तार जोडली की पंखा फिरतो. कंटाळवाण्या कामात निरोप पुसट होतो. असं सगळ्यांचंच होतं. काहींच्या मेंदूत मात्र हा फरक फार मोठा असतो, असं शास्त्रज्ञांना वाटतं. त्यांनाही अजून सगळं कळलेलं नाही."

"म्हणजे मला एडीएचडी आहे?"

"ते मला सांगता येणार नाही, आणि कुणाही एकट्या यंत्राला सांगता येणार नाही. झोप अपुरी असली तरी लक्ष उडतं. कमी ऐकू येत असलं, नजर अधू असली, मनाला घोर लागलेला असला तरी उडतं. डॉक्टर आधी ते सगळं पाहतात. मग घरी काय होतं, शाळेत काय होतं, लहानपणापासून काय होत आलं, ते सगळ्यांना विचारतात. दोन्हीकडे अडचण दिसली आणि ती निदान सहा महिने टिकलेली असली, तरच पुढचं बोलतात."

त्या संध्याकाळी शलाका घरी गेली ती गणितं अर्धवट ठेवूनच. पण डोक्यात विचारांची नुसती गर्दी झाली होती.

शुक्रवारी मुख्याध्यापकांच्या खोलीत आई, बाबा, पिसाळ मॅडम आणि शलाका बसले. मुख्याध्यापक बाहेरगावी गेले होते, त्यामुळे बोलणं मॅडमशीच होतं. टिपणीस दाराशी उभा होता. मॅडमनी अहवाल पुढे ठेवला, बाबांनी मोबाइल. मग जे व्हायचं तेच झालं, दोघंही एकदम बोलू लागले.

"एका यंत्राच्या नोंदीवर ठरवता होय?" बाबा म्हणाले. "आमच्याकडं पवनचक्की नादुरुस्त म्हणून लिहायची तर एक नोंद चालत नाही. वरच्या मीटरची लागते, शेजारच्या मनोऱ्यावरची लागते, आणि कुणीतरी स्वतः चढून बघावं लागतं."

"निकमसाहेब बरोबर बोलतात," दारातून टिपणीस म्हणाला. "मी फक्त डोळे मोजतो. दुसरं पान उघडावं."

मॅडमनी दुसरं पान उघडलं, वाचलं आणि त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. बाबांनी विजयी मुद्रेनं आईकडे पाहिलं.

तेवढ्यात शलाकानं विचारलं, "बाबा, आणि चक्की चांगली आहे म्हणून लिहायला किती नोंदी लागतात?"

"तेवढ्याच की. भरल्या वाऱ्यात कुठलीबी चक्की फिरती. खरी परीक्षा वारा मंद असला, दिशा बदलत असला तेव्हा." आपला विषय निघाला की बाबांना थांबवणं कठीण. "कधी कधी पाती झकास असतात, जनित्र झकास असतं, पण यॉ मोटर (पवनचक्कीचं डोकं वाऱ्याकडे वळवणारी मोटर) अडखळती. मग वारा समोरून आला तर चक्की अशी पळती की बघत राहावं. बाजूनं आला की बसली गप्प. नवखा माणूस म्हणतो, काल तर फिरत होती, आज नखरे करती!"

"आणि तुमचा व्हिडिओ कुठल्या वाऱ्यातला आहे?"

बाबांनी मोबाइलकडे पाहिलं. त्यावर शलाका ड्रोनमध्ये डोकं खुपसून बसलेली दिसत होती. त्यांनी पडदा बंद केला.

आईला ते बघवेना. ती मॅडमना म्हणाली, "पण पोरगी हुशार आहे हो. मनात आणलं तर काहीही करती."

"अहो, तेच तर मी वर्षभर सांगतेय!" मॅडम म्हणाल्या. "मनात आणलं तर करते."

दोघी एकमेकींकडे बघू लागल्या. महिनाभर भांडणाऱ्या दोन बाजू पहिल्यांदाच एकमतानं बोलत होत्या, आणि दोघींनाही ते जरा चमत्कारिकच वाटलं.

"मी रोज मनात आणते," शलाका म्हणाली.

तिचा आवाज इतका लहान होता की बाबांना पुढे वाकावं लागलं.

"रोज सकाळी ठरवते, आज सगळा तास ऐकायचा. गणिताला तर हात मांडीखाली दाबून बसते. तरी जातं. कधी गेलं तेच कळत नाही. आणि मग तुम्ही सगळे म्हणता, मनात आण." आता तिला रडू आवरेना. "मला वाटायला लागलं, माझं मनच खोटं आहे. मला तपासून घ्यायचंय, बाबा. काय आहे ते मला बघायचंय."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग आईनं टेबलावरचा संमतीचा कागद ओढला आणि सही केली. बाबांनी तिच्या हातातून पेन घेऊन खाली आपली केली, आणि म्हणाले, "मॅडम, तपासणी होईस्तोवर पोरगी इथंच राहील. ह्याच वर्गात."

"इथंच राहील," मॅडम म्हणाल्या. "आणि नंतरही. ते वेगळ्या तुकडीचं पत्र मी मागं घ्यायला लावते."

तपासणी एका दिवसाची नव्हती, सहा आठवडे चालली. डॉक्टर बर्गेबाईंनी आधी शलाकाचे कान आणि डोळे तपासून घेतले, झोपेची विचारपूस केली. दोनदा त्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसल्या. एका रविवारी घरी आल्या आणि आईला म्हणाल्या, "हिला ड्रोन नको, तांदूळ निवडायला द्या." शलाका परातीवरून पाच वेळा उठली आणि एकदा परात तशीच टाकून अंगणात गेली. आई बघत राहिली. हे तर ती रोजच बघत होती. इतके दिवस तिनं त्याला आळस म्हटलं होतं.

शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी आईबाबांच्या आधी शलाकाला समोर बसवलं, कारण गोष्ट तिची होती.

"तुला एडीएचडी आहे," त्या म्हणाल्या. "यात तुझा दोष नाही, आईबाबांचा नाही, शाळेचाही नाही. चष्मा लागलेल्या मुलाला आपण 'डोळे ताणून बघ' म्हणत नाही, चष्मा देतो. तसं तुलाही काय काय देता येईल ते बघू. मोठं गणित तुकडे करून देऊ. उभं राहून लिहू देऊ, मध्ये फेरी मारू देऊ. त्यानं भागलं नाही तर औषधाचा विचार आपण सगळे मिळून करू."

"म्हणजे मी मुद्दाम नव्हते करत?"

"नव्हतीस."

शलाकानं मोठा श्वास घेतला. कितीतरी दिवसांचं ओझं उतरल्यासारखं तिला झालं. मग तिच्या प्रश्नांना सुरुवात झाली. ते डोपामिन मोजता येतं का? झोपेत त्याचं काय होतं? रझियाच्या कोपरानं माझं लक्ष परत कसं येतं? डॉक्टरांनी दोन प्रश्नांची उत्तरं दिली, तिसऱ्याला म्हणाल्या, "हे अजून कुणालाच नीट माहीत नाही," आणि शलाकाचे डोळे चमकले.

घरी परतताना पायवाटेवर बाबा पुढे होते. मागे आई शलाकाचा हात धरून चालत होती. मग हळूच म्हणाली, "शलाके, रोज मनात आणून आणून दमत असशील ना गं?"

आजवर हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

"खूप," शलाका म्हणाली.

आईनं तिचा हात घट्ट धरला. "मग आता ते ओझं थोडं आमच्याकडं दे."