दुपारच्या बरण्या

ज्या वर्षी धाकट्या काकूला जुळं झालं, त्या वर्षीच्या सुट्टीतली ही गोष्ट. एक बाळ झोपलं की दुसरं उठायचं, आणि दोन्ही झोपली की ढोल शिंकायचा. ढोल म्हणजे चष्मीचा चुलतभाऊ. त्याची शिंक गल्लीच्या टोकाला ऐकू जायची. शेवटी काकूने हात जोडले आणि ढोल, जाड चष्म्याची चष्मी आणि कायम तिच्या मागे फिरणारा तिचा सहा वर्षांचा भाऊ शेपूट, अशी तिघांची रवानगी आत्याकडे झाली.

आत्याकडे आजोबा राहत आणि स्वयंपाकघर त्यांच्याच ताब्यात होतं. आत्या केळीची रोपं करणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिथे मातीचा कण नव्हता. केळीच्या कंदाच्या गाभ्यातला हरभऱ्याएवढा कोंब काचेच्या बरणीत ठेवायचा. बरणीत साखर घातलेला, जेलीसारखा खाऊ असतो. कोंबाला फुटवे आले की ते सोडवून नव्या बरणीत लावायचे. असं करत एका कोंबाची शेकडो रोपं होतात. पण गोड खाऊ जंतूंनाही आवडतो. म्हणून खाऊ भरलेल्या बरण्या आधी एका मोठ्या वाफेच्या यंत्रात शिजवून घेत. त्या यंत्रावरच्या माणसाला मुलं पहिल्याच दिवशी कुकरकाका म्हणू लागली.

रविवारी रात्री आत्या ताटावरून उठली तेव्हा भात तसाच होता.

आजोबांनी विचारलं आणि मग सगळं बाहेर आलं. परसातली आजोबांची जुनी केळ, बोटाएवढ्या पातळ सालीच्या केळ्यांची, आजीने लावलेली. त्या केळीला रोग लागला म्हणून ती खणून जाळावी लागली होती. त्याआधी आत्याने तिच्यातले तपासून निरोगी ठरलेले कोंब बरण्यांत लावले होते. बरण्या बावीस होत्या, आता नऊच राहिल्या. बाकीच्यांत खाऊ दुधाळ होऊन कोंब सडले होते. आत्याच्या इतर बरण्याही अशाच जात होत्या. दोष तिच्या हातांचाच असं म्हणत प्रयोगशाळेच्या साहेबांनी तिला सगळ्यांसमोर हात दाखवायला लावले होते. शनिवारपर्यंत हे थांबलं नाही, तर तिचं अख्खं कपाट फेकून द्यायचं, असा त्यांचा हुकूम होता.

आजोबांनी उठून तिच्यासाठी पुन्हा भात गरम केला.

सोमवारी तिघं प्रयोगशाळेत गेली. चपला बाहेर, डोक्याला टोपी. शेपटाची टोपी नाकापर्यंत येत होती, तरी तो ती वर करेना. आतल्या खोलीत मुलांना मनाई होती, पण धुण्याच्या जागी खराब बरण्यांचा टब होता. चष्मी एकेक झाकण चष्म्याला लावून वाचू लागली. झाकणांवर बरणी शिजवल्याची तारीख होती आणि पुढे एक किंवा दोन.

"एक म्हणजे सकाळचा घाणा, दोन म्हणजे दुपारचा. दुपारचा बहुतेक तुमच्या आत्याच्याच वाट्याला येतो," धुणाऱ्या मावशींनी सांगितलं.

टबात चाळीस बरण्या होत्या. एकोणचाळिसांवर दोन होता. चाळिसावीचं झाकण शेपटाने चाटून पाहिल्यामुळे त्यावरचं काही वाचता येईना.

प्रयोगशाळेच्या वहीत मात्र बरणी कोणाच्या हाताने लावली एवढंच लिहायचं होतं. ती कधी शिजली, हे वहीत कोणीच लिहीत नव्हतं.

मंगळवारी तिघांनी कुकरकाकांच्या शेजारी बैठक मारली. सकाळी यंत्र तापलं तशी वरच्या झडपेतून वाफ सुटली. चांगली दहा मिनिटं असा फुसफुसाट, की ढोलालाही मोठ्याने बोलावं लागलं. मग काकांनी झडप बंद केली आणि दाबाचा काटा चढला. दुपारी मात्र जरा वाफ दिसली की लगेच झडप बंद.

चष्मीने कारण विचारलं. काका म्हणाले, भिंतीपलीकडे साहेबांची खोली आहे, हल्ली दुपारी त्यांचे फोन असतात, आवाज नको असं त्यांनीच बजावलंय. काटा तर तेवढाच चढतो, मग काय बिघडतं?

चष्मीला आजोबांचा कुकर आठवला. वाफेची सरळ धार आल्याशिवाय आजोबा शिटी लावत नसत.

संध्याकाळी तिने विचारलं, "आजोबा, शिटी आधीच लावली तर?"

"आत गार हवा अडकते गं. कुकर फुगून बसतो नि डाळ कच्चीच राहते."

म्हणजे दुपारच्या बरण्यांतले जंतू मरतच नव्हते! चष्मी उडीच मारणार होती, पण शेपूट तिच्या पायावर बसला होता.

बुधवारी त्यांनी काकांकडून नुसता खाऊ भरलेल्या दहा बरण्या मागून घेतल्या. पाच सकाळी शिजवलेल्या, पाच दुपारी. कोंब नाही, आत्याचा हात नाही. झाकणावरून बरणीच्या काचेपर्यंत कागदी पट्ट्या चिकटवून ढोल साहेबांकडे गेला आणि शाळेत दाखवायला सही हवी म्हणाला. साहेब खुलले. त्यांनी दहाही पट्ट्यांवर झोकदार सह्या केल्या, खाली तारीखसुद्धा घातली. बरण्या आजोबांच्या फडताळावर राहिल्या आणि शेपूट खाली पहारा देत बसला.

शनिवारी सकाळी आत्याच्या कपाटापुढे बादल्या येऊन पडल्या. आत्या भिंतीकडे तोंड करून उभी होती. तेवढ्यात तिघांनी साहेबांच्या टेबलावर बरण्या मांडल्या. सकाळच्या पाच काचेसारख्या नितळ. दुपारच्या पाच दुधाळ.

"मुलांनी झाकणं उघडली असणार," साहेब म्हणाले.

"पट्टी कुठे फाटलीये, दाखवा ना," चष्मी म्हणाली. "सही तुमचीच आहे, साहेब."

साहेबांनी दहाही बरण्या फिरवून पाहिल्या. मग कुकरकाकांना बोलावलं. काकांनी मान खाली घालून झडपेचं सांगितलं, आणि ती बंद ठेवायला कोणी सांगितलं तेही. साहेबांचे कान लाल झाले. पण माणूस सरळ होता. ते उठून आत्याकडे गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक माझी होती, बाई. तुमचे हात स्वच्छ आहेत." त्याच दिवशी त्यांनी आपलं टेबल दुसऱ्या टोकाच्या खोलीत हलवलं, आणि वहीत घाण्याचा नवा रकाना आला.

घरी आजोबांनी तिघांच्या पाठीवर धपकन थाप मारली. "माझ्या कुकरचं नाव काढलंत," ते म्हणाले.

नऊपैकी सात बरण्यांतले कोंब जगले. त्यांची रोपं झाली आणि तीन परसात त्याच जागी लागली. जुळी दोन वर्षांची असताना पहिला घड उतरला. आजोबांनी पहिलं केळं सोलून त्या दोघांना अर्धं अर्धं दिलं, आणि सालीचा वास घेत बराच वेळ बसून राहिले.

जुळी पाच वर्षांची झाली त्या वर्षी, थंडीत, एका सकाळी आजोबा गेले.