हयातीचा अंगठा

काकांकडे संध्याकाळी तीन पोरं येतात. भरतीची तयारी करतात. पळून झालं की पायरीवर टेकतात आणि काका त्यांना फौजेतल्या गमती सांगतात. काका आमचे शेजारी. बाबांच्याच पलटणीतले, नाईक म्हणून निवृत्त झालेले.

काल गल्लीतले दिवे गेले होते. पोरं म्हणाली, काका, भुताची गोष्ट सांगा.

"भुताची बिताची नाही, खरी सांगतो," काका म्हणाले. "माझ्या ओळखीत एक मुलगा होता."

मी तिथेच बसलो होतो. काकांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. तो मुलगा म्हणजे माझा दादा. त्याला जाऊन अजून महिना झालेला नाही. ज्याला हे खोटं वाटत असेल त्याने माझ्यासमोर येऊन बोलावं.

"त्या मुलाचं छोटं दुकान होतं," काका सांगू लागले. "झेरॉक्स, अर्ज भरणं, असली कामं. आम्हा सगळ्या पेन्शनरांचे हयातीचे दाखले तोच काढायचा. वर्षातून एकदा यंत्रावर अंगठा ठेवायचा. यंत्र हो म्हणालं की तुम्ही वर्षभर जिवंत."

"आणि नाही म्हणालं तर?"

"तर बोंबला. बायकोची साक्ष चालत नाही. आणि माझी बायको साक्ष देईल असंही नाही. ती वीस वर्षं म्हणतेय, या माणसात जीवच नाही."

पोरं हसली. मीही हसलो असेन.

"म्हाताऱ्यांचे अंगठे झिजलेले असतात. यंत्राला रेषा दिसत नाहीत. तो मुलगा काय करायचा, गरम फडक्याने अंगठा शेकायचा, तेलाचं बोट लावायचा आणि म्हणायचा, जोर लावा बाबा. सगळ्यांनाच बाबा म्हणायचा. राहिला होता फक्त त्याचा स्वतःचा बाप, फौजेतला. हवालदार. महाहट्टी. म्हणायचा, मी जिवंत आहे की नाही हे ते डबडं ठरवणार? शेवटी मुदत संपायला एक दिवस उरला, तेव्हा मुलाने यंत्र घरी आणलं. एकोणतीस तारीख, गुरुवारची रात्र."

जेवून बाबा खाटेवर आडवे झाले होते. दादा भांडी विसळून आला आणि त्यांना उठवायला गेला. ते उठले नाहीत.

"मुलाने शेजारच्या माझ्या मित्राला हाक मारली," काका म्हणाले. मित्र म्हणजे ते स्वतःच. "मित्राने नाकाशी हात धरला. संपलं होतं. मुलगा रडला नाही. यंत्र घेऊन खाटेवर बसला. आई आधीच गेलेली, दोन्ही मुलगे पंचविशीच्या पुढचे, म्हणजे त्यांना हक्क नाही. बाप गेला की पेन्शन बंद. घराचा हप्ता त्यावर. धाकट्याने तर आठवड्यापूर्वीच मालकाच्या कानाखाली वाजवून ड्रायव्हरची नोकरी घालवलेली."

"त्याने आधी आई काढली होती," मी म्हणालो.

पोरांनी वळून माझ्याकडे बघितलं. मग कुणी हसलं नाही.

"सांगा पुढे," मी म्हणालो. त्या रात्री मी दुसऱ्या कुणाचा तरी टेम्पो घेऊन बाहेरगावी गेलो होतो. जे मी बघितलं नाही ते मला सारखं सारखं ऐकायचं असतं.

"मित्र म्हणाला, अरे, बापाचं प्रेत आहे ते. मुलगा म्हणाला, काका, उद्या पोचवू त्यांना. बँकेला कोण सांगायला जातंय? एकच वर्ष. धाकटा मार्गाला लागेपर्यंत."

काकांनी तांब्या उचलला. पाणी प्यायले.

"त्याने अंगठा ठेवला. लाल दिवा. गरम फडकं लावलं. पुन्हा लाल. तेल लावलं. लाल. मग तो रडायला लागला. रडत रडत त्या थंड अंगठ्यावर आपला हात दाबला आणि सवयीने म्हणाला... जोर लावा, बाबा."

"मग?"

"अंगठ्याने जोर लावला."

...

"हिरवा दिवा लागला. यंत्र हो म्हणालं. आणि त्या हाताची बोटं मुलाच्या मनगटाभोवती मिटली. मनगट मोडल्याचा आवाज माझ्या मित्राने दारापाशी ऐकला. हवालदार उठून बसला. डोळे मिटलेले. जबडा खाली लोंबत होता. त्याने मुलाचे केस धरले. डोकं खाटेच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. एकदा. परत. मित्र मधे पडला, तर त्याच्या छातीत लाथ बसली. तो दाराबाहेर जाऊन पडला. आतून कडी लागली."

काकांचा आवाज खाली आला.

"शिव्या नव्हत्या. आरडाओरडा नव्हता. कवायतीची मोजणी होती. एक... मग फटका. दोन... मग फटका. एक... दोन... मधून मधून मुलगा म्हणायचा, बाबा. बाबा, मी आहे. एक... बाबा... दोन... मग नुसतंच एक. नुसतंच दोन."

पोरं एकमेकांकडे सरकली.

"पहाटेपर्यंत चाललं."

"दार कोणी तोडलं नाही?" सगळ्यात लहान पोराने विचारलं.

"पाच जण लागले होते दाराला. पहार घातली. दार जसं भिंतच झालेलं. मोजणी थांबली तेव्हा आपसूक उघडलं. हवालदार खाटेवर सरळ झोपलेला. हात मांडीला चिकटलेले, सावधानमध्ये असावेत तसे. थंडगार. मुलगा खाली..."

पुढचं काका बोलले नाहीत.

मी सांगतो. सकाळी मी आलो तेव्हा दादावर चादर होती. सगळे म्हणत होते, बघू नकोस. मी दोघांना ढकललं आणि चादर ओढली. मी त्याला शर्टावरून ओळखलं. तो शर्ट माझा होता. डॉक्टर म्हणाले, वडील रात्रीच जेवणानंतर गेलेत, मुलगा पहाटे. मग मारलं कोणी? पोलिसांनी मला दोन दिवस बसवून ठेवलं. मला एका हवालदाराने थोबाडीत मारली. बरं वाटलं.

पोरं उठली. मोबाईलचे दिवे लावून तिघं एकमेकांना चिकटून गेली.

"काका," मी विचारलं, "तो हयातीचा दाखला आता रद्द होतो ना?"

"तू बँकेत मृत्यूचा दाखला दिलास?"

"नाही. अजून पाय निघत नाही."

"मग वर्षभर चालतो रे तो," काका म्हणाले आणि आत जाऊन त्यांनी कडी लावली.

मी घरी आलो. कुलूप माझ्याच हाताने लावलेलं होतं, माझ्याच हाताने उघडलं. अंधारात पायाने चाचपत गेलो. माझे बूट मी कुठेही भिरकावतो. ते भिंतीला लावून ठेवलेले होते. टाचा जुळवलेल्या, टोकं बाहेर, बाबा ठेवायचे तसे. मी बोट लावलं.

पॉलिश अजून ओलं होतं.